मुंबई ३८४, महाराष्ट्र ३८४

जानेवारी २०२३. ब्रेबोर्न स्टेडियमवर रणजी करंडकाचा साखळीतला शेवटचा सामना, मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. महाराष्ट्राचा पहिला डाव ३८४ धावांवर आटोपला. मग मुंबई खेळायला उतरली, पडत-सावरत पुढे सरकत राहिली आणि सर्वबाद झाली तीही ३८४ वरच. रणजीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावाची आघाडी ज्याची, त्याला तीन गुण आणि दुसऱ्याला एक. इथे आघाडीच कुणाची नाही, म्हणून दोघांच्या पदरात एकेक. शेवटच्या दिवशी मुंबईने विजयासाठी थोडी पळापळ केली, सहा गडी गमावले, तेवढ्यात वेळ संपली. दोन्ही संघ घरी गेले. त्याच गटातून पुढे गेलेल्या सौराष्ट्राने त्या वर्षीचा करंडक उचलला.

मुंबईत हे दुःख फार टिकलं नाही. ज्यांच्या कपाटात तेव्हा ४१ रणजी करंडक होते, त्यांना एखादा मोसम सोडून देणं परवडतं. पुढच्याच वर्षी त्यांनी बेचाळिसावा आणलाही. नाशिकमध्ये मात्र तो सामना अजून संपलेला नाही. नाशिकरोडला, पंचवटीत, कॉलेज रोडच्या चहाच्या टपरीवर क्रिकेटचं गाडं सुरू झालं की कुणीतरी ‘तीनशे चौऱ्याऐंशी’ एवढंच म्हणतं, आणि बाकीचे मान हलवतात. एक लेगबाय निघाली असती तरी चाललं असतं. एक वाइड. एक ओव्हरथ्रो. त्या डावात केदार जाधवने १२८ केल्या होत्या आणि त्याच महिन्यात आसामविरुद्ध २८३. म्हणजे माणूस अंगात आल्यासारखा खेळत होता. ‘आणि ऋतुराज?’ असं एखादं नवखं पोरगं विचारतंच. ऋतुराज गायकवाडचं मनगट नेमकं त्याच आठवड्यात दुखावलं होतं. हैदराबादविरुद्धचा सामना खेळून तो तपासणीसाठी बंगळूरला गेला, न्यूझीलंडविरुद्धच्या टी-ट्वेंटी मालिकेलाही मुकला. एक धाव कमी पडली आणि संघातला सर्वांत नावाजलेला फलंदाज मैदानात नव्हता, हा हिशेब नाशिकचा चाहता झोपेतही मांडू शकतो.

हा लेख त्या हिशेबाबद्दल आहे. कुठल्याही खेळाचा पक्का चाहता तीन विषयांवर तासन्‌तास बोलू शकतो: शेजारच्या संघाशी असलेलं हाडवैर, ऐन वेळी झालेल्या दुखापती आणि हातातोंडाशी येऊन गेलेले घास. नाशिकच्या वाट्याला हे तिन्ही विषय भरपूर आले आहेत. मात्र इथे त्यांच्याआधी एक चौथा प्रश्न सोडवावा लागतो: आपण नेमके कुणाचे?

क्रिकेटच्या नकाशावर महाराष्ट्र राज्य एक नाही, तीन आहेत. मुंबई संघटनेचा संघ वेगळा, विदर्भाचा वेगळा, आणि उरलेला सगळा मुलूख पुण्यातून चालणाऱ्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचा. नाशिक या तिसऱ्यात मोडतं. ठाण्या-पालघरकडची मुलं मुंबईकडून खेळतात. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला आलं की महाराष्ट्राचा संघ सुरू होतो. पण गाडी उलट्या दिशेने जाते. पंचवटी एक्स्प्रेसने रोज सकाळी हजारो लोक मुंबईला जातात, संध्याकाळी परततात. भाजीपाला मुंबईला, द्राक्षं मुंबईमार्गे परदेशात, पोरगं शिकायला मुंबईला, आजारी माणूस मोठ्या डॉक्टरला दाखवायला मुंबईला. अशा गावाने क्रिकेटमध्ये मात्र मुंबईच्या विरोधात उभं राहायचं, ही अपेक्षाच जरा अवघड आहे. पासधारकांच्या डब्यात या विषयावर जे खटके उडतात, ते ऐकण्यासारखे असतात. मुंबईत नोकरी करणारा एखादा निळी जर्सी घालून बसलेला असतो; त्याच्या समोरचा, त्याच ऑफिसात जाणारा, म्हणतो, ‘पगार तिथला, मान्य. पण रणजीला असलं नाटक नको.’

आता ज्याचं नाव या शहराने रोज घ्यायला हवं आणि क्वचितच घेतलं जातं, त्याच्याकडे येतो. बापू नाडकर्णी. जन्म नाशिकचा, ४ एप्रिल १९३३. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी लागोपाठ २१ निर्धाव षटकं टाकली. डावाअखेर आकडे होते ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी. सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही. ४१ कसोटींत षटकामागे दोनपेक्षाही कमी धावा देणारा हा डावखुरा फिरकीपटू सरावाला खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकायचा, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते असं, की बापू १९५१-५२ मध्ये प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये आले ते महाराष्ट्राकडून. त्यांचं पहिलं शतक मुंबईविरुद्ध, तेही ब्रेबोर्नवर, आणि शेवटच्या जोडीला हाताशी धरून काढलेलं. नाशिकचा मुलगा मुंबईच्या अंगणात जाऊन मुंबईला रडवतो, यापेक्षा चांगली सुरुवात कुठल्या वैराला हवी? पण १९६० नंतर बापू मुंबईकडून खेळू लागले. पहिल्याच मोसमात दिल्लीविरुद्ध नाबाद २८३ केल्या. मुंबईच्या सलग १५ करंडकांच्या त्या अजिंक्य काळातले कितीतरी विजय या नाशिककराच्या खांद्यावर आहेत.

त्यात बापूंची काही चूक नव्हती. त्या काळी खेळाडूला पोट खेळातून भरता येत नसे. नोकरी लागे, आणि खेळाडूंना नोकऱ्या देणाऱ्या कंपन्या, बँका, त्यांच्यातल्या टाइम्स शील्डसारख्या स्पर्धा मुंबईत होत्या. पण वाट पडली ती पडलीच. श्रीरामपूर नाशिकपासून तसं हाकेच्या अंतरावर. तिथला झहीर खान किशोरवयात मुंबई गाठतो, तिथून बडोद्याला जातो, २०००-०१ मध्ये बडोद्याला रणजी करंडक जिंकून देतो, पुढे मुंबईकडून खेळतो, आणि महाराष्ट्राकडून रणजीचा एकही सामना खेळत नाही. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातला, वाढला डोंबिवलीत. २०२४ मध्ये मुंबईला बेचाळिसावा करंडक मिळाला तेव्हा कर्णधार तोच होता. नाशिकच्या शेजारच्या मुलखातून निघालेली दोन माणसं भारताकडून मोठी होतात आणि दोघांच्याही छातीवर महाराष्ट्राचं बोधचिन्ह नाही. नाशिकच्या जुन्या चाहत्याला मुंबईचा राग येतो तो मुंबई जिंकते म्हणून नाही. आपल्याच पोरांना घेऊन जिंकते म्हणून.

२०२५ मध्ये उलटी गंगाही वाहिली. पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला. ऑक्टोबरात पुण्याजवळ गहुंजेला मुंबईविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने १८१ धावा कुटल्या आणि बाद होऊन जाताना मुशीर खानशी त्याची जुंपली. सराव सामना होता, तरी दुसऱ्या दिवशी नाशिकच्या टपऱ्यांवर लोक करंडक जिंकल्यासारखे बोलत होते. मग पहिल्याच रणजी सामन्यात केरळविरुद्ध महाराष्ट्राची अवस्था झाली बिनधाव तीन बाद, नंतर पाच बाद १८. पृथ्वी शून्यावर. ‘आलाय ना आपल्यात? लागला गुण,’ असं एकाने म्हटलं. ऋतुराजच्या ९१ आणि जलज सक्सेनाच्या ४९ धावांनी त्या दिवशी अब्रू राखली, पहिल्या डावाची आघाडीही मिळाली. आणि त्याच पृथ्वीने पुढच्या सामन्यात चंडीगडविरुद्ध २२२ केल्या. महाराष्ट्राचा चाहता असणं म्हणजे तीन आठवड्यांत एवढं सगळं.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं तर नाशिकमध्ये जागा एकच: गोल्फ क्लब मैदान. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ च्या डिसेंबरात विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणाऱ्या कान्हेऱ्यांचं. रिक्षावाल्याला मात्र ‘गोल्फ क्लब’च सांगावं लागतं. शहराच्या मधोमध, झाडांच्या कडेचं, सकाळी चालणाऱ्या-पळणाऱ्यांचं मैदान. कायमचं स्टेडियम नाही. रणजी सामना आला की मांडव पडतात, साइटस्क्रीन उभे राहतात, सीमारेषेबाहेर खुर्च्या येतात आणि जॉगिंगला आलेली माणसं अर्धा तास म्हणून थांबतात ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत हलत नाहीत.

२३ जानेवारी २०२५ ला इथे महाराष्ट्र-बडोदा सामना सुरू झाला. नाशिकची जानेवारीतली सकाळ. गवतावर दव, लोक स्वेटर-मफलरमध्ये, वेगवान गोलंदाजांची चंगळ. ऋतुराज खेळणार म्हणून कॉलेजची पोरं लोटली होती. पण खरा रंग दोन फलकांचा होता. एक फलक मैदानावरचा. दुसरा प्रत्येकाच्या हातातल्या मोबाइलवरचा, कारण त्याच दिवशी मुंबईत बीकेसीच्या मैदानावर रोहित शर्मा कित्येक वर्षांनी मुंबईकडून रणजी खेळायला उतरला होता. समोर जम्मू-काश्मीर. रोहित, यशस्वी जैस्वाल, रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर एवढी भारतीय मंडळी संघात, आणि मुंबई सर्वबाद १२०. इकडे बडोद्याचा एक गडी बाद झाला की टाळ्या, तिकडे मुंबईचा झाला की शिट्ट्या. सीमारेषेवर उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाने एकदा चमकून मागे पाहिलं; मैदानात काहीच घडलेलं नव्हतं. मुंबई तो सामना पाच गड्यांनी हरली. महाराष्ट्राने बडोद्याला ४३९ धावांनी चिरडलं.

आणि मग? साखळी संपली तेव्हा या चारही संघांच्या गटातून पुढे गेले जम्मू-काश्मीर आणि मुंबई. ४३९ धावांनी जिंकलेला महाराष्ट्र बाहेर, हरलेली मुंबई उपान्त्य फेरीपर्यंत. तिथे तिला विदर्भाने हरवलं, पुढे केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडकही नेला. विदर्भाचा तो तिसरा. आधीचे दोन २०१७-१८ आणि २०१८-१९ मध्ये लागोपाठ. महाराष्ट्राचे एकूण दोन.

हे दोन केव्हाचे, ते सांगायलाच हवं. १९३९-४० आणि १९४०-४१. कर्णधार प्रा. दि. ब. देवधर. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध देवधरांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी २४६ धावा केल्या. महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०, पहिल्या डावाच्या २५ धावांच्या आघाडीवर मुंबई बाद. आज नाशिकमध्ये ज्याला ते आठवत असेल असा माणूस सापडणं कठीण आहे. त्यानंतर महाराष्ट्र तीनदा अंतिम फेरीत गेला आणि तिन्ही वेळा हरला.

पैकी १९७०-७१ चा पराभव सर्वांत जिव्हारी लागणारा, कारण तो मुंबईविरुद्ध होता आणि ती मुंबई अर्धीच होती. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर ही मंडळी भारताकडून वेस्ट इंडीजमध्ये इतिहास घडवत होती. उरलेल्यांना घेऊन सुधीर नाईक उतरले आणि ४८ धावांनी जिंकले. नोट प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका मला भेटले. ‘गावकरी’ आणि ‘देशदूत’मधली क्रीडापानांची कात्रणं त्यांनी जुन्या जमाखर्चाच्या वहीत चिकटवली आहेत. डाव्या पानावर सामना, उजव्या पानावर लाल शाईने ‘कोण नव्हतं’. कुणाचा खांदा, कुणाची बोटं, कुणी भारताच्या दौऱ्यावर, कुणाचं लग्न. १९७१ ची नोंद त्यांनी नंतर कधीतरी, ऐकीव माहितीवरून केली असणार. तिथे मुंबईच्या नावापुढे गैरहजरांची ही लांबलचक यादी आहे आणि महाराष्ट्रापुढे फक्त एक आडवी रेघ. ‘आपलं कुणी नव्हतं असं नाही ना म्हणता येत. सगळे होते,’ काका म्हणाले. ‘तरी हरलो. याला औषध नाही.’

१९९२-९३ ची अंतिम लढत लुधियान्याला पंजाबने जिंकली. पंजाबचा तो एकमेव रणजी करंडक, एवढंच त्याबद्दल पुरे.

२०१३-१४ चं मात्र वेगळं. त्या मोसमात केदार जाधवने सहा शतकांसह १२२३ धावा काढल्या, देशात सर्वाधिक. जानेवारी २०१४ मध्ये वानखेडेवर उपान्त्यपूर्व फेरी, समोर गतविजेती मुंबई. पहिल्या डावात मुंबई ४०२, महाराष्ट्र २८०. सगळं संपल्यात जमा. मग दुसऱ्या डावात मुंबई १२९ वर कोसळली, आणि २५२ चं लक्ष्य केदार आणि जालन्याच्या विजय झोलने फक्त दोन गडी गमावून पार केलं. केदार नाबाद १२०, झोल नाबाद ९१. मुंबईला मुंबईत हरवलं, आठ गड्यांनी. नाशिकच्या एका प्रशिक्षकांनी मला सांगितलं की त्या संध्याकाळी त्यांनी अकादमीतल्या पोरांना सराव न देता जिलबी दिली. काही दिवसांनी हैदराबादला अंतिम सामना झाला आणि कर्नाटकाने महाराष्ट्राला सात गड्यांनी हरवलं. पण नीट ऐकलं तर या कहाणीत लोक अंतिम सामन्यापाशी फार थांबत नाहीत. वानखेडेपाशी थांबतात. माझ्या मते महाराष्ट्राच्या चाहत्याची खरी गोम इथे आहे: करंडकापेक्षा मुंबई हरणं त्याला मोठं वाटतं, आणि संघाच्याही मनात हेच असेल तर ती चांगली गोष्ट नाही. उपान्त्यपूर्व फेरीत सगळा दारूगोळा उडवला की अंतिम सामन्याला उरतं काय?

हुकलेल्या संधींचा राजा मात्र एकच. डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, संघ चार बाद ८२६. ब्रॅडमनच्या ४५२ चा जागतिक विक्रम फक्त नऊ धावांवर. मध्यंतरात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी आपण आता खेळणार नाही असं सांगून सामना सोडून दिला. दोन चौकार आणि एक धाव, एवढंच राहिलं. कोल्हापुरात जन्मलेले निंबाळकर भारताकडून एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत आणि २०१२ साली, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी गेले. प्रतिस्पर्ध्याने हरवल्याचं दुःख सगळ्यांकडे असतं. प्रतिस्पर्धी पळून गेल्याचं दुःख फक्त महाराष्ट्राकडे.

तरुण पोरांना यातलं फारसं माहीत नाही. त्यांची जखम आयपीएलची. ‘पुणे’ नावाचा संघ दोनदा जन्मला आणि दोनदा गेला. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३, तळाशी रांगत. ज्या युवराजवर त्यांनी एवढा पैसा लावला तो २०१२ मध्ये कर्करोगाशी झुंजत होता. मग २०१६ मध्ये रायझिंग पुणे आला. त्या वर्षी दुष्काळामुळे उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातले एप्रिलनंतरचे सामने बाहेर न्यायला लावले आणि पुण्याचं ‘घरचं’ मैदान झालं विशाखापट्टणम. गोदावरीच्या पाण्यावरून मराठवाड्याशी भांडणाऱ्या नाशिकला त्या निकालाविरुद्ध बोलायला तोंड नव्हतं. बोलले कुणी नाहीतही. २०१७ मध्ये मात्र या संघाने कमाल केली. त्या मोसमात मुंबईला त्यांनी साखळीत दोनदा आणि क्वालिफायरमध्ये तिसऱ्यांदा हरवलं. २१ मे, हैदराबाद, अंतिम सामना, समोर पुन्हा मुंबईच. मुंबईची अवस्था सात बाद ७९; तिथून कृणाल पंड्याने १२९ पर्यंत नेलं. शेवटच्या षटकात ११ हव्या होत्या, समोर मिचेल जॉन्सन. पहिल्या चेंडूवर मनोज तिवारीचा चौकार. पुढच्या दोन चेंडूंवर तिवारी आणि स्मिथ बाद. शेवटच्या चेंडूवर चार हव्या. दोन पळून झाल्या, तिसरीसाठी धावताना धावबाद. एका धावेने हार. बेन स्टोक्स साखळी संपताच इंग्लंडला परतला होता. तोही खेळला असता तर, असं वाक्य सुरू करून कुणी पूर्ण करत नाही.

त्यानंतर तो संघच राहिला नाही. बहुतेक पोरं मुंबई इंडियन्सकडे गेली, आणि थोडी, हट्टी, चेन्नईकडे. चेन्नई का? कारण धोनी, आणि कारण केदार. ७ एप्रिल २०१८, वानखेडेवर केदारच्या मांडीचा स्नायू दुखावला, तो लंगडत बाहेर गेला. नववा गडी पडल्यावर तसाच परत आला आणि मुस्तफिझुरच्या शेवटच्या षटकात षटकार-चौकार मारून सामना काढला. मुंबई एका गड्याने हरली, पण केदारचा मोसम तिथेच संपला. सप्टेंबरात आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात बांगलादेशविरुद्ध पुन्हा तेच: मांडी गेली, बाहेर गेला, परत आला, शेवटच्या चेंडूवर विजयी धाव पळाला. २०१९ च्या आयपीएलमध्ये खांदा दुखावून तो बाद फेरीला मुकला आणि चेन्नई अंतिम सामन्यात मुंबईकडून एका धावेने हरली. कॉलेज रोडच्या एका पोराचं म्हणणं असं की मुंबई आपल्याला नेहमी एकाच धावेने मारते आणि केदार त्या दिवशी नेमका बाहेर असतो. २०१७ मध्ये तो बाहेर नव्हता, बंगळूरकडून खेळत होता, हे मी त्याला सांगितलं नाही.

दुखापतींबद्दल हे लोक डॉक्टरांसारखे बोलतात. हॅमस्ट्रिंगचा ग्रेड वन किती दिवसांचा आणि ग्रेड टू किती, हे इथे शेंबडं पोर सांगेल. जुन्यांची ओपीडी झहीरपासून सुरू होते: जुलै २०११, लॉर्ड्स, पहिला दिवस, १३.३ षटकांत १८ धावा आणि दोन बळी, आणि चौदावं षटक पूर्ण न करताच तो मांडी धरून बाहेर. भारत ती मालिका ४-० हरला. नव्यांची ओपीडी म्हणजे ऋतुराजचं कोपर. ३० मार्च २०२५ ला गुवाहाटीत तुषार देशपांडेचा चेंडू लागला, पुढे हाडाला बारीक तडा असल्याचं निघालं, चेन्नईचं कर्णधारपद धोनीकडे परत गेलं. त्याच्या जागी संघात कोण घेतला? विरारचा आयुष म्हात्रे, मुंबईचा खेळाडू. त्याने वानखेडेवर मुंबईविरुद्धच पदार्पणात १५ चेंडूंत ३२ केल्या. आणि या सगळ्यात नाशिकचा रामकृष्ण घोष, ज्याला चेन्नईने ३० लाखांना घेतलं होतं, पूर्ण मोसम बाकावर. नाशिकच्या माणसाला त्या आठवड्यात कुणाच्या बाजूने ओरडायचं हे समजेना.

इतकं दुःख घेऊन माणसं टिकतात कशी, याचं उत्तर मला एका बॉस्टनवासी नाशिककराने दिलं. सॉफ्टवेअरमधला माणूस, घरात मराठी, मुलं बेसबॉलवेडी. बॉस्टनचा रेड सॉक्स संघ १९१८ मध्ये जिंकला, वर्ष-दीड वर्षातच त्यांनी बेब रूथ नावाचा आपला हिरा न्यूयॉर्कच्या यांकीजना विकला, आणि पुढची ८६ वर्षं त्यांना विजेतेपद मिळालं नाही. यांकीज जिंकत राहिले. बॉस्टनच्या घराघरांत आजोबा नातवाला पराभव पाठ करून घेत: १९८६ मध्ये बिल बकनरच्या पायांतून चेंडू कसा निसटला, वगैरे. २००४ मध्ये यांकीजविरुद्ध ०-३ ने मागे असताना त्यांनी सलग चार सामने काढले. कर्ट शिलिंगने घोट्याला टाके घालून, मोज्यावर रक्त दिसत असताना चेंडू फेकले. शिकागोच्या कब्जना तर १०८ वर्षं लागली. ‘आमच्याकडे हरल्याचीही परंपरा सांभाळतात,’ तो म्हणाला. ‘तुमच्याकडे रणजीच्या सामन्याला कोण येतं?’

प्रश्न झोंबला, कारण खरा आहे. बॉस्टनचे चाहते ८६ वर्षं हरताना घरच्या मैदानावर दरवर्षी डझनांनी सामने पाहत होते. नाशिकला रणजीचा सामना मिळतो कधीमधी, बहुतेक मोसमात एखादा, काही मोसमांत तोही नाही. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये शहराच्या नावाचा संघ आहे, ईगल नाशिक टायटन्स, राहुल त्रिपाठीसारख्याने त्याचं नेतृत्व केलं आहे. पण नाशिकचा संघ नाशिकसाठी जिंकतो-हरतो तो गहुंजेला. आणि खेळाडू तर इथे पिकताहेत. सत्यजित बच्छावने कित्येक मोसम महाराष्ट्राची डावखुरी फिरकी सांभाळली. साहिल पारखने सप्टेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीला ऑस्ट्रेलियाच्या एकोणीस वर्षांखालील संघाविरुद्ध नाबाद १०९ केल्या. सिन्नरच्या माया सोनवणेची शरीर मुडपून टाकलेली लेगस्पिन २०२२ मध्ये सगळ्या देशाने मान वाकडी करून पाहिली. यांना घडवणारी माणसं, जिल्हा संघटनेतली, छोट्या अकादम्यांतली, उन्हातान्हात खेळपट्टीवर पाणी मारणारी, याच शहरात आहेत. मोठ्या सामन्यासाठी मात्र त्यांना अजूनही मांडव भाड्याने आणावा लागतो.

काकांच्या वहीतली उजवी पानं वाचताना मला एक गोष्ट खटकली. लाल शाईत कोण नव्हतं याची यादी आहे; मैदानात प्रेक्षक किती होते याची कुठेच नोंद नाही. मी विचारलं. ‘ते लिहिण्यासारखं कधी वाटलंच नाही,’ ते म्हणाले.

तेव्हा वाचकहो, पुढच्या हिवाळ्यात महाराष्ट्राचा रणजी सामना गोल्फ क्लबवर लागला, तर वर्तमानपत्रात निकाल वाचण्यापुरते राहू नका. चार दिवसांतला एक दिवस काढा, डबा घ्या, स्वेटर घ्या. तिकीट नसतं. सामना मुंबईविरुद्ध असेल तर सकाळी लवकर या. खुर्च्या थोड्याच असतात.